धारेचं नंतर, आधी सांधा बघा

प्रश्न: लाकडी मुठीचा, घडीचा, स्वस्तातला एक साधा चाकू घ्यायचा ठरवलाय. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ नंबर हातात घेऊन पाहिला आणि आवडला. पण तोच आकार, तीच मूठ दोन पोलादांत मिळते, कार्बन आणि स्टेनलेस. किमतीत नाव घेण्यासारखा फरक नाही, म्हणजे तिथूनही निर्णय होत नाही. माझा भाऊ कट्टर कार्बनवाला. त्याच्या मते खरी धार कार्बनलाच येते, स्टेनलेसला घरी धार लागतच नाही, आणि जुनी माणसं काय उगाच कार्बन वापरत होती का? माझा वापर सांगते. मी चित्रं काढते, त्यामुळे रोज पेन्सिली तासायच्या असतात. फळं कापते, पार्सलं उघडते, सुट्टीत डोंगरात जाते तेव्हा चाकू सॅकमध्ये असतो. खरं सांगायचं तर वापरून झाला की पुसायची सवय नाही, घडी घालून खिशात टाकते. कार्बनच्या पात्यावर व्हिनेगरने काळा थर चढवला की तो गंजत नाही म्हणतात, ते खरं का?
ता. क. भावाने त्याचा जुना कार्बनचा चाकू ‘वापरून तर बघ’ म्हणून दिलाय. पातं लालसर झालंय आणि उघडताना अडकतं. त्याचं काय करू?
— दोन पात्यांत अडकलेली

उत्तर:

स्टेनलेस घ्या. बाकीचं पत्र नसतं आणि ‘घडी घालून खिशात टाकते’ एवढंच लिहिलं असतंत तरी मी हेच सांगितलं असतं.

आता कारणं. भावाशी वाद घालायचा असेल तर ती लागतीलच.

या दोन पोलादांची तुलना करताना सगळे धारेपासून सुरुवात करतात. घडीच्या चाकूत आधी सांधा बघावा. धार उघड्यावर असते. ती दिसते, पुसता येते, बिघडली तर दगडावर घासून परत आणता येते. सांध्याचं तसं नाही. ओपिनेलची मूठ म्हणजे लाकडाचा एकच तुकडा. त्यात उभी चीर पाडलेली असते, आणि पात्याचं बूड त्या चिरेत एका आडव्या खिळ्यावर फिरतं. बुडाच्या दोन्ही बाजूंना लाकूड जवळजवळ चिकटलेलं. तुम्ही सफरचंद कापता, पातं नळाखाली धरता, दोनदा झटकता आणि घडी घालता. पात्यावरचं पाणी उडून जाईल, पण त्या चिरेत ओढलं गेलेलं पाणी तिथेच राहतं. लाकूड ते पितं आणि रात्रभर पोलादाला लावून धरतं. तिथे फडकं पोचत नाही, बोट पोचत नाही. दुसऱ्या दिवशी चाकू उघडला की सांध्यावरच्या, पातं अडकवून ठेवणाऱ्या फिरत्या कड्याच्या तोंडाशी तपकिरी रेघ दिसते. आत काय चाललंय त्याची तेवढीच खूण बाहेर येते.

सरळ पात्याच्या, न मिटणाऱ्या चाकूला हा त्रास नसतो. म्हणूनच स्वयंपाकघरातला कार्बनचा चाकू वर्षानुवर्षं मजेत चालतो आणि तेच पोलाद घडीच्या मुठीत गेलं की रुसतं. भावाला हे जरूर सांगा, कारण कार्बनची तारीफ करणारे बरेचदा त्या सरळ चाकूंचा अनुभव या घडीच्या चाकूवर चढवतात.

स्टेनलेसमध्ये वेगळं काय घडतं, तेही थोडक्यात. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार होतो. ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा भरून येतो. ओपिनेलचं स्टेनलेस सॅन्डविकच्या १२सी२७ घराण्यातलं आहे, त्यात क्रोमियम साधारण १४ टक्के. कार्बनचं पातं एक्ससी९० पोलादाचं, म्हणजे सुमारे ०.९ टक्के कार्बन आणि क्रोमियम जवळपास नाहीच. पापुद्रा नाही, तर लोखंड आणि पाणी यांच्यामध्ये फक्त तुमची शिस्त उरते. आणि तुमच्या शिस्तीबद्दल तुम्हीच लिहिलंय.

पण स्टेनलेस म्हणजे अजिबात गंजणार नाही, असंही समजू नका. आपली रोजची ताटं-वाट्या ज्या स्टीलची असतात त्यात अनेकदा १८ टक्के क्रोमियम आणि वर निकेल असतं. ते स्टील तापवून पाण्यात बुडवलं तरी कडक होत नाही, त्यामुळे त्याची चांगली धार बनत नाही. चाकूसाठी कडक होणारं स्टेनलेस लागतं. त्यात कार्बन जास्त घालावा लागतो आणि तो कार्बन काही क्रोमियम स्वतःशी बांधून ठेवतो. थोडक्यात, चाकूचं स्टेनलेस ताटापेक्षा जरा कच्चं. शिवाय तो पापुद्रा भरून यायला हवा लागते, आणि सांध्याच्या चिरेत हवा खेळत नाही. खारं पाणी, घाम, ब्लीच तिथे अडकून राहिलं तर स्टेनलेसवरही बारीक ठिपके पडतात. फरक एवढाच की कार्बनला एक रात्र पुरते, स्टेनलेस बराच काळ दुर्लक्ष सोसतं. समुद्रावरून आलात तर दोन्ही गोड्या पाण्याने धुवा, आणि उघडा ठेवून वाळवा.

(जाता जाता एक. ‘स्टेनलेसला लोहचुंबक चिकटत नाही, हा चिकटतोय म्हणजे नकली’ असं सांगणारा कोणीतरी भेटेलच. चाकूच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतंच. कुठलं पोलाद आहे हे पाहायचं असेल तर पात्यावरचा शिक्का वाचा. स्टेनलेसवर ‘इनॉक्स’ असतं.)

धारेचा प्रश्न भावाने अगदी हवेतून काढलेला नाही. कार्बनच्या पात्याला दगड पटकन लागतो. चार-सहा वेळा फिरवलं की धारेच्या दुसऱ्या अंगाला वळलेल्या पोलादाची बारीक खरखर बोटाला जाणवते, आणि ती सुटतेही स्वच्छ. स्टेनलेसची खरखर जरा चिवट असते. ती एका बाजूने काढली की दुसऱ्या बाजूला वळते, आणि हलक्या हाताने आलटून पालटून फिरवत तिला संपवावं लागतं. घाईत हे राहून गेलं तर चाकू दगडावरून उतरल्या उतरल्या धारदार वाटतो आणि पहिल्या पुठ्ठ्यालाच बसतो. मग माणूस म्हणतो, स्टेनलेसला धार टिकत नाही. धार टिकली नाही हे खरं, पण ती मुळात पुरी लागलीच नव्हती.

‘स्टेनलेसला घरी धार लागतच नाही’ हे मात्र सोडून द्या. काही स्टेनलेस पोलादांत क्रोमियम आणि कार्बन मिळून झालेले मोठे, कडक कण असतात आणि ती साध्या दगडाला खरंच दाद देत नाहीत. १२सी२७ त्यांतलं नाही. त्याची घडण बारीक कणांची आहे आणि घरातला साधा १००० ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक दगड त्याला पुरतो. प्रत्येक बाजूला वीसेक अंशांचा कोन धरा, शेवटी दाब कमी करत जा, मग जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढत फिरवा.

टिकण्यात कोण पुढे? दोन्ही पाती एकाच कोनात, एकाच निगुतीने लावली तर पार्सलं फोडताना तुम्हाला फरक कळेल असं मला वाटत नाही. या चाकूचा छान कापण्याचा गुण मुळात पोलादात नाही, पात्याच्या बारीकपणात आहे. पातं पातळ आहे आणि धारेकडे आणखी निमुळतं होत जातं, म्हणून ते फळात शिरताना फळ फाडत नाही. दोन्ही पोलादांत घडण तीच. आणि आंबट फळं कापायची असतील तर हिशेब उलटाच होतो. लिंबाच्या रसातलं आम्ल कार्बनच्या धारेचं अगदी टोक खात जातं. काही न कापता, नुसता रस लागून राहिला म्हणूनही ती बोथट होते.

नव्याकोऱ्या कार्बनच्या पात्याने लिंबू कापून बघितलंत तर हे डोळ्यांसमोर दिसेल. काही मिनिटांत चकचकीत पात्यावर निळसर-करडे ढग उमटतात, कुठे जांभळट झाक येते, आणि लोखंडाचा वास सुटतो. तो वास, थोडी चवही, फोडीला लागते. सफरचंदाच्या फोडीवर काळपट रेघ उठते, कारण फळातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग होतो. अपाय काही नाही, पण पाहुण्यांपुढे ती फोड ठेववत नाही. पात्यावर थर बसत गेला की वास-चव कमी होते, संपत नाही.

व्हिनेगरबद्दल विचारलंत ते याच थराबद्दल. तो काळा-करडा थर लाल गंजापेक्षा वेगळा असतो. लाल गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खालचं पोलाद खात पुढे जातो. काळा थर घट्ट बसतो आणि पुढचा गंज मंद करतो. मंद, बंद नव्हे. ओल्या चाकूची घडी घालून खिशात टाकणाऱ्यांना तो वाचवत नाही. वाचवू शकतो फक्त दिसणाऱ्या भागाला, कारण थर बसवला जातो पात्यावर, आणि गंज लागतो सांध्यात.

तरीही हौस म्हणून करायचंच असेल तर चाकू व्हिनेगरच्या पेल्यात उभा करू नका. इंटरनेटवर तसं करताना सर्रास दिसतं, पण घडीच्या चाकूत आम्ल वर सांध्यापर्यंत चढतं, लाकडात मुरतं आणि पुढे कित्येक दिवस आतून पोलाद कुरतडत राहतं. त्यापेक्षा टिश्यू पेपर व्हिनेगरमध्ये भिजवून, पिळून फक्त पात्याला गुंडाळा, कड्यापासून बोटभर जागा कोरडी सोडा. अर्ध्या तासाने काढा, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याच्या फडक्याने पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, आणि तेलाचा हात फिरवा. त्यानंतर धार पुन्हा लावावी लागेल, कारण आम्लाने तीही खाल्लेली असते.

तेलाचंही सांगून ठेवते, कारण यात बहुतेक जण फसतात. स्वयंपाकाची बरीच तेलं पातळ थरात हवेला राहिली की चिकट होतात. जवसाचं तेल तर वाळून कडकच होतं. म्हणून ते लाकडाला उत्तम आणि खिळ्यावर जाऊ द्यायचं नाही. पात्याला औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन लावा, ते खाण्याला चालतं आणि चिकटत नाही. सांध्यात पेट्रोलियम जेली. चाकू जरा उन्हात कोमट करून चिरेत ती काडीने भरली आणि पातं दहा-वीस वेळा उघडमीट केलं की आत नीट पसरते आणि पाण्याला जागाच उरत नाही. हे स्टेनलेसच्या चाकूलाही करा, आणि नवा घेतल्या घेतल्या करा.

स्टेनलेसलाही का, तर मूठ दोन्हींची लाकडीच आहे. ओपिनेलची नेहमीची मूठ बीच लाकडाची असते. पाणी लागलं की ते फुगतं, चीर आवळते आणि पातं आत घट्ट धरलं जातं. पावसात भिजलेला चाकू मग नखाने उघडतच नाही. पोलाद कुठलंही घ्या, यातून सुटका नाही. ज्या भागात हा चाकू जन्मला त्या फ्रान्समधल्या साव्हॉय प्रांतात यावरची युक्तीही जुनीच आहे. बंद चाकूच्या मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर आपटायचं, म्हणजे पातं झटक्याने थोडं बाहेर येतं आणि चिमटीत धरून ओढता येतं. कडं आधी मोकळं फिरवून घ्या, नाहीतर नुसतंच आपटत बसाल. फुगलेली मूठ वाळवायला हीटरवर ठेवू नका, लाकूड तडकतं. सावलीत, हवेत, उघडी ठेवा. नेहमीच घट्ट राहत असेल तर चिरेच्या आतल्या बाजूंना बारीक पॉलिश पेपर घडी करून दोन-चारदा फिरवा. थोडंच, कारण घासलेलं लाकूड परत येत नाही आणि पातं डावी-उजवीकडे डुलायला लागतं. डिशवॉशरमध्ये यातला कुठलाच चाकू जाणार नाही, हे वेगळं सांगायला नको.

‘जुनी माणसं वेडी होती का?’ नव्हती. त्यांना पर्याय नव्हता. जोसेफ ओपिनेल यांनी हा चाकू १८९० मध्ये बनवला. शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी गंज न धरणारं पोलाद ओतलं ते १९१३ मध्ये, आणि त्यातून चाकूला शोभेल अशी धार देणारं स्टेनलेस रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. सुरुवातीच्या स्टेनलेस चाकूंची कापण्याच्या बाबतीत बदनामीच होती, आणि ती बदनामी पोलाद सुधारल्यावरही तोंडोतोंडी चालत आली. भाऊ सांगतोय ती ऐकीव गोष्ट तिथली आहे.

आता कार्बनची बाजू, कारण तीही आहे. पेन्सिल. कोरडं, मऊ लाकूड तासायला बारीक लावलेल्या कार्बनच्या पात्यासारखं सुख नाही. धार जरा उतरली की चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा वेळा ओढायची आणि ती परत येते. रोज तासणाऱ्या माणसाला ही झटपट दुरुस्ती फार सोयीची. तिथे पाणी नाही, आम्ल नाही, खिसा नाही, चाकू टेबलावरच राहतो. म्हणजे कार्बनला जे जे बाधतं ते काहीच नाही. शिवाय पात्यावर महिन्यामहिन्याने उतरत जाणारे रंग चित्रकार माणसाला आवडतील असा माझा कयास आहे. फक्त मुक्कामाला त्याला चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्यात मुरलेली ओल पात्याला डाग पाडते.

डोंगरात न्यायचा असेल तर कार्बनवाले आणखी एक मुद्दा पुढे करतील, ठिणगीचा. गारगोटीवर ठिणगी पाडायला कार्बन पोलादच लागतं, हे खरं. तुम्ही सॅकमध्ये लायटर नेत असाल तर या मुद्द्यावर वेळ घालवू नका. डोंगरात त्यापेक्षा कडं महत्त्वाचं. पातं उघडलं की कडं फिरवून बंद करायचं, दर वेळी, दोन सेकंदांच्या कामालाही. १९५५ मध्ये ते कडं आलं त्याआधी पातं फक्त लाकडाच्या घट्टपणावर उभं राहायचं, आणि टोकाने काही खुपसताना मिटून बोटांवर यायचं. कडं न फिरवता तुमचाही चाकू तसाच आहे. २ ते ५ नंबरच्या छोट्या चाकूंना हे कडं नसतंच. ८ नंबरला असतं, आणि तुमच्या कामांना साडेआठ सेंटीमीटरचं पातं पुरेसं आहे. त्याहून मोठा खिशात टोचतो.

तर खिशात आणि सॅकमध्ये स्टेनलेस. टेबलासाठी कार्बन विकत घेण्याची गरज नाही, तो भावाने आधीच दिलाय.

त्याचा गंज मला फार गंभीर वाटत नाही. आधी चाकू दोन-तीन दिवस कोरड्या हवेत अर्धवट उघडा ठेवा. अडकणं लाकडाच्या फुगण्याने असेल तर तेवढ्यानेच सैल होईल. नाही झालं, तर आत खिळ्याभोवती गंज धरलाय. तिथे यंत्रतेलाचे दोन थेंब सोडा, रात्रभर थांबा, आणि सावकाश, जोर न लावता उघडमीट करा. काळं-तपकिरी तेल बाहेर येईल, ते पुसत राहा आणि पुन्हा थेंब घाला. स्वच्छ यायला लागलं की थांबा. या तेलानंतर तो चाकू फळांना लावू नका, पेन्सिलीला चालेल.

पात्यावरचा लाल थर तेलात भिजवलेल्या अगदी बारीक तारेच्या घासणीने निघतो. पाठीकडून धारेकडे, एकाच दिशेने. उलट हात गेला तर बोट कापेल. लाल निघून खाली काळं राहिलं तर ते राहू द्या, चकचकीत करायच्या नादी लागू नका. घासून झाल्यावर पातं उजेडात तिरकं धरून धारेवर नजर टाका. गंजाचे खड्डे पात्याच्या अंगावर असतील तर फक्त दिसायला वाईट. धारेवरच असतील तर तिथे धार करवतीसारखी तुटक लागेल, आणि दगडावर पोलाद झिजवत त्या खड्ड्यांच्या मागे जावं लागेल. ते काम भावालाच द्या, चाकू त्याचा आहे. शेवटी कडं फिरवून पातं पाठीकडून हलकेच दाबून बघा. कडं धरत नसेल किंवा पातं मिटू बघत असेल, तर त्याने पेन्सिलसुद्धा तासू नका.